मदत हवी आहे: अटल टिंकरिंग लॅबचं मूल्यमापन, तुलना कोणाशी करायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या जिल्ह्यातल्या अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांचं मूल्यमापन करायचं काम आमच्या छोट्या गटाकडे आलंय. "लॅबमुळे मुलांमध्ये काय फरक पडला?" एवढाच प्रश्न हातात दिलाय आणि अहवाल सत्राअखेर हवाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही २०१६ पासूनची योजना. निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, त्यातले १० उभारणीला आणि बाकीचे पाच वर्षं लॅब चालवायला. सहावी ते बारावीच्या मुलांनी थ्रीडी प्रिंटर, सेन्सर वगैरे हाताळून स्वतः काहीतरी बनवावं ही कल्पना.

खरी गोची तुलनेची आहे. लॅबसाठी शाळेनेच अर्ज करायचा, साधारण १५०० चौरस फूट जागा दाखवायची. म्हणजे जागा, धडपडे मुख्याध्यापक आणि अर्जाच्या मागे लागणारा एखादा शिक्षक जिथे आधीपासून होता, त्याच शाळा पुढे आल्या. शेजारच्या बिनलॅबच्या शाळेशी तुलना केली तर लॅबवाली शाळा जिंकणारच, प्रिंटर खोक्यात पडून असला तरी! लॅब येण्याआधीची चाचणी वगैरे काहीच उपलब्ध नाही.

मोजायचं काय, यावरही एकमत नाही. एका सहकाऱ्याचा विज्ञानाच्या गुणांवर भर आहे. मला ते पटत नाही. सर्किट चालत नाही म्हणून सगळ्या वायरी उपटून पुन्हा पहिल्यापासून जोडणारी मुलगी वार्षिक पेपरात कुठे दिसणार? मुलांच्या मनातली शास्त्रज्ञाची प्रतिमा पाहणारी, संशोधक चेंबर्स यांची 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' चाचणी (१९८३) मनात होती. त्यांच्या ४,८०७ मुलांपैकी फक्त २८ जणांनी बाई शास्त्रज्ञ काढली होती, आणि तसं काढणाऱ्या सगळ्या मुलीच होत्या. एका शाळेत करून पाहिली तर पांढरा कोट, चश्मा, पिंजारलेले केस. एकाला विचारलं, असाच का काढलास? म्हणाला, "सर, शास्त्रज्ञ असाच काढतात." हे त्याचं मत धरायचं की चित्रकलेच्या वहीतली सवय?

कोणी असं काम केलंय का?

प्रतिसाद १

अर्ज करूनही लॅब न मिळालेल्या शाळा शोधा. निवड होऊन सामान अजून न आलेल्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, कारण उत्साह दोन्हीकडे सारखाच असतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅब जाहीर झाल्यात, तेव्हा अशा शाळा सापडायला हरकत नाही.

मुलांच्या संख्येवर मात्र भुलू नका. समजा २० शाळांतली प्रत्येकी ६० मुलं घेतली आणि शाळांतर्गत सहसंबंध (एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी किती, याचं माप) ०.२ निघाला, तर १२०० मुलांची किंमत जेमतेम ९४ स्वतंत्र मुलांइतकी उरते. एकाच शाळेत मुलं वाढवण्यापेक्षा शाळा वाढवा.

आणि हजेरीची नोंदवही बाजूला ठेवा. फिलामेंटची (थ्रीडी प्रिंटरमध्ये लागणाऱ्या प्लास्टिकच्या तारेची) किती रिळं संपली, कुठले सेन्सर जळाले, ते विचारा. वापर झाला की सामान खर्ची पडतंच. चित्राची चाचणी ठेवायची तर एका ऐवजी दोन चित्रं काढून घ्या, आणि काय काढलं ते खाली त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगा.

धागाकर्ता

फिलामेंटचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद! अर्ज नाकारलेल्या शाळांची यादी कोणाकडे मागायची? आणि लॅबमध्ये मुळातच हौशी मुलं जातात, त्याचं काय करायचं? शाळेतली सगळी आठवी घ्यावी, की फक्त लॅबमध्ये जाणारी?

प्रतिसाद २

सगळी आठवी. शासनाने पैसे शाळेला दिलेत, हौशी मुलांना नाही. लॅबमध्ये जाणाऱ्यांचे आकडे वेगळ्या तक्त्यात द्या, पण मुख्य निष्कर्ष त्यावर काढू नका. यादी मिळेल की नाही सांगता येत नाही. त्यापेक्षा मुख्याध्यापकांनाच विचारा, अर्ज केला होता का म्हणून. ते लगेच सांगतात.