दोन महिन्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन १०: थांबायचं की धावायचं?

जुळे सोलापूरकर: काल इथं कुणीतरी लिहिलं, 'दोन महिन्यांच्या बाळाचं एचबी (हिमोग्लोबिन) १० आलं आणि डॉक्टर नुसतं थांबा म्हणतात. डॉक्टर बदला, डाळिंबाचा रस सुरू करा.' वाचून डोकं फिरलं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं एचबी जन्मताना १६-१७ च्या आसपास असतं. बाळ श्वास घ्यायला लागलं की ऑक्सिजन भरपूर मिळतो, म्हणून शरीर नव्या तांबड्या पेशी बनवणं आवरतं घेतं. ८ ते १२ आठवड्यांत आकडा १०-११ वर येतोच. बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, तर उगाच रक्त चढवायला धावू नका. आणि सहा महिन्यांच्या आत रस कसला पाजता?

एनआयसीयूची आई: 'थांबा' सगळ्यांना लावू नका. माझी लेक ३० आठवड्यांनाच जन्मली, एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. अशा बाळांचा आकडा लवकर आणि जास्त खाली जातो, त्यात तपासण्यांसाठी रक्त काढतच राहतात. तिच्या टाचेवर टोचायला जागा उरली नव्हती. दूध ओढता ओढता दमायची, वजन जागचं हलेना. रक्त चढवलं तेव्हा कुठं सावरली. थांबले असते तर?

जुळे सोलापूरकर: मी पूर्ण दिवसांचं बाळ म्हटलंय. नीट वाचा.

एनआयसीयूची आई: घाबरलेली आई असे बारकावे वाचत बसत नाही. शीर्षकात लिहा.

डाळिंबवाला, सांगोला: ते राहू द्या. डाळिंबाला का शिव्या? २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालंय सोलापूरच्या डाळिंबाला. तेल्या रोगानं बागा गेल्या, दर पडले, आता तुम्ही मागं लागा. आमची पोरं रसावरच वाढली.

जुळे सोलापूरकर: १०० ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. लाल दिसतं म्हणून रक्त वाढत नाही.

डाळिंबवाला, सांगोला: मग बाळंतिणीनं खाल्लं तर चालंल का तिथंबी बंदी?

जुळे सोलापूरकर: खुशाल खाऊ दे. लोहाच्या गोळ्या बंद करू नका म्हणजे झालं.

वॉर्डातली सिस्टर: डाळिंब पुरे आता! बाळ पहिल्याच दिवशी पांढरंफटक पडलं, धापा टाकतंय किंवा २४ तासांच्या आत कावीळ दिसली, तर एक मिनिटही घरी काढू नका. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या तांबड्या पेशी फुटत असू शकतात. कूम्ब्स (तांबड्या पेशींविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी) आणि रेटिक (नव्या तांबड्या पेशींची मोजणी) केल्याशिवाय कारण कळत नाही. टाचेच्या रक्ताचा आकडा शिरेतल्यापेक्षा जास्त येतो, त्यावर निर्धास्त राहू नका. आणि नाळ! बाळ रडतंय, ठीक आहे, तरी घाईनं चिमटा लावतात. किमान एक मिनिट थांबलं तर वारेतलं रक्त बाळाला मिळतं. हे सांगून माझा घसा बसला.

एनआयसीयूची आई: सिस्टर, हे पटलं. जुळे सोलापूरकरांचंही पूर्ण दिवसांच्या बाळापुरतं मान्य, त्याच्या पुढं नाही. आमच्या लेकीला लोहाचे थेंब अजून चालू आहेत, वजनावर मोजून.

डाळिंबवाला, सांगोला: सिस्टर, आमच्या सूनबाईचा गट निगेटिव्ह हाय. सहावा संपत आला.

वॉर्डातली सिस्टर: मग याच आठवड्यात तिची कूम्ब्स करून घ्या. तपासणी निगेटिव्ह आली तर २८ आठवड्यांना अँटी-डी, म्हणजे आईच्या शरीरात अशा अँटीबॉडी तयार होऊ न देणारं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. जिथं नाव घातलंय तिथं इंजेक्शन मिळेल का, ते आत्ताच विचारा.