गोंडी बोलणाऱ्या लेकरांना चित्रपुस्तकं गोंडीत द्यावीत का?

धानोरेकर
आमच्या गडचिरोली भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाई स्वतः चित्रांची पुस्तकं बनवतात. वर गोंडी वाक्य, खाली मराठी, दोन्ही देवनागरीत. एकात पहाटे मोहफुलं वेचणारी पोरगी आहे. झाडाखालचा पाला जाळून काळी झालेली जमीन, त्यावर पिवळट फुलं, बाजूला टोपली. दुसऱ्यात तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचा लाकडी नंदी, तिसऱ्यात दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य. परवा एका शिक्षकमित्रानं विचारलं, "शिष्यवृत्तीच्या पेपरात गोंडी येते का?" मला हा प्रश्नच पटत नाही. पहिलीतल्या लेकराला अक्षर नवं असतंच, निदान शब्द तरी घरातला असू द्या. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्यघटनेत अनुच्छेद ३५०क आहे.

चामोर्शीचे गुरुजी
बाईंच्या मेहनतीबद्दल आदरच आहे. पण चौथीनंतर हीच पोरं आश्रमशाळेत नाहीतर तालुक्याला जातात. तिथलं पुस्तक प्रमाण मराठीत, पेपरही मराठीत. मराठी कच्ची राहिली की पोरगं मागच्या बाकावर जाऊन बसतं आणि दहावीआधीच शाळा सोडतं. घरची भाषा घरी बोलतातच, ती कुठं जाते?

कोरचीवाला
गुरुजी, कुठं जाते म्हंता? माह्या घरी येऊन पाहा. आजी गोंडीत इचारते अन् नातू मराठीत उत्तर देते. त्याले समजते, पण बोलाची लाज वाटते. ही लाज कोनं शिकवली? २०११ च्या जनगणनेत गोंडीवाले २९ लाखाच्या वर होते, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत गोंडी नाही. सरकार लिहीत नाही, तं बाईनं लिहिलं. काहून अडवता?

पवनीकर
माझा आक्षेप वेगळा आहे. वारसा म्हटलं की नंदी, दंडार, मोह एवढंच पुढं येतं. त्याच वर्गात बौद्ध घरची मुलं बसतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, तिथं आजही गावोगावचे लोक जातात. आजोबांचं बोट धरून दीक्षाभूमीवर जाणारी पोर एखाद्या पानावर का नाही? आणि आणखी एक. बऱ्याच पुस्तकांत आदिवासी म्हटलं की सरसकट वारली चित्रं काढतात. वारली पालघर-ठाण्याकडचे. गडचिरोलीतल्या पोरानं त्यात आपलं घर कुठं शोधायचं?

धानोरेकर
बाईंच्या चित्रांत वारली आकृत्या नाहीत, कुडाची घरं आहेत. गोंडी वाक्यं बाई गावातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवतात, मगच छापतात. दीक्षाभूमीचं मात्र शंभर टक्के पटलं, बाईंना आजच कळवतो. गुरुजी, खालची ओळ मराठीच आहे हो! पोरं वरचं वाचून खालचं ओळखतात, मराठी त्यातूनच येते.

चामोर्शीचे गुरुजी
पहिली-दुसरीपुरतं मान्य. तिसरीपासून मात्र मराठीचंच वाचन हवं, यावर मी ठाम आहे. मोहाचं पुस्तक वर्गात वाचून बघतो, एक प्रत पाठवा.