दिव्यांगांच्या ५ टक्के निधीतून ऑटिझमवाल्या घरात आवाज अडवायचं काम व्हावं का?

लातूरची आई
ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के पैसा दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. माझं म्हणणं आहे, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेलं माणूस ज्या घरात आहे तिथं आवाज अडवायचं काम ह्यातून करून मिळावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. पाय अधू असला की उताराचा रस्ता बांधायला कुणी नाही म्हणत नाही, मग इथं का म्हणायलेत? आमचं घर पत्र्याचं. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले की माझं लेकरू पलंगाखाली जाऊन कान दाबून धरतं. दाबून दाबून कानामागं वळ उठतात. लोक म्हणतात लाडावलंय. लाड नाहीत हो, त्याला आवाज दुखतो.

ग्रा.पं. सदस्य, जालना
ताई, तुमचा त्रास मी खोटा म्हणत नाही. पण घरपट्टी-पाणीपट्टी थकलेल्या गावाचं उत्पन्न असतं किती, आणि त्याचे ५ टक्के किती? एका घराचं छत केलं की बाकीचे दिव्यांग हात हलवत परत जाणार. ज्याला कुबडी लागते त्याला काय सांगू?

परभणीकर
मला तर हे पटतच नाही. जगात आवाज राहणारच. लेकराला हळूहळू सवय लावा. आज खोलीत ठेवलं तर उद्या शाळेत, बाजारात, एसटीत कसं व्हायचं?

नांदेडहून, स्वतः ऑटिस्टिक
परभणीकर, सवय होत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. आमच्या पंख्याचं बेअरिंग गेलं होतं. दर फेरीला एक टक. घरच्यांना थोड्या वेळानं तो ऐकू येणं बंद झालं. मला झालं नाही. पहाटेपर्यंत तोच टक ऐकत पडलो, आणि सकाळी आईनं चहा घे म्हटलं तरी अंगावर काटा आला. आता बेअरिंग बदललंय, दार घट्ट लागतं. आता मी चुलतभावाच्या लग्नालाही जाऊन येतो, कारण परत आल्यावर कान आणि डोकं शांत करायला जागा आहे. खोलीमुळं मी बाहेर पडायलोय, कोंडला गेलो नाही.

परभणीकर
हे मला माहीत नव्हतं. तरी लहान लेकराच्या बाबतीत मी म्हणेन, थेरपी आधी, बांधकाम मागून.

बांधकाम ठेकेदार, बीड
खर्चाचा बाऊ करायलेत म्हणून सांगतो. आवाज भिंतीतून कमी आणि फटीतून जास्त येतो. दाराखाली बोटभर फट असली तर महागडं दार लावून उपयोग नाही. आधी दार-खिडकीच्या चौकटीला रबराची पट्टी मारा, मोटर असेल तर तिच्याखाली जाड रबर द्या, कुलर झोपायच्या खोलीतून हलवा. हे थोडक्या पैशात होतं. पत्र्याखाली मात्र रॉकवूल म्हणजे दगडापासून केलेली लोकर भरून जिप्सम बोर्डाचं छत करावं लागतं, तो खरा खर्च. भिंतीला अंड्याचे ट्रे नाहीतर थर्माकोल चिकटवू नका. त्यानं बाहेरचा आवाज अडत नाही, वरून पेट घ्यायची भीती. गोधडी टांगली तर खोलीतला घुमारा कमी होतो, तेवढंच.
जुन्या माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छताची माती ऊन आणि आवाज दोन्ही अडवायची. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांनी धास्तीनं ती उतरवून पत्रे टाकले. जीव वाचवायला ते बरोबरच होतं, पण पत्र्यानं घरं वाजायला लागली.

हिंगोली, शिक्षिका
आणि सगळं बंद केल्यावर मे महिन्यात त्या खोलीत बसायचं कसं? उन्हानं उकडून लेकरू जास्त बिथरेल. हवा खेळती ठेवूनच काम करा.

कायद्याची विद्यार्थिनी, संभाजीनगर
माझा विरोध वेगळ्या कारणानं आहे. त्रास सोसणाऱ्यानंच घर का बदलायचं? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, सणांची मोजकी सूट सोडली तर. पोलिसांना ११२ वर फोन करा. घरं बंद करत बसलो तर डीजेवाल्यांना रान मोकळं.

लातूरची आई
बाई, तुमचं बरोबर आहे, पण ज्या गल्लीत रोज वावरायचं तिथं ११२ ला फोन करणं सोपं नाही. आणि डीजे वरातीपुरता. पाऊस, शेजारची गिरणी, कडबाकुट्टी हे रोजचं. पावसाची तक्रार कुणाकडं करू? मला सगळं घर नको. एकच खोली हवीय, तीही हवेची सोय ठेवून.

ग्रा.पं. सदस्य, जालना
मी तुमच्या ग्रामसभेत असतो तर छताला विरोधच केला असता, पट्ट्या आणि मोटरीच्या रबराला नाही. अर्ज दोन भागांत करा, म्हणजे एक अडला तरी दुसरा सुटेल. सोबत यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आणि थेरपिस्टचं पत्र जोडा. पत्रात नुसतं ऑटिझम लिहून भागणार नाही, कोणत्या आवाजानं काय होतं ते लिहून घ्या.

लातूरची आई
पत्र मिळेल. अंदाजपत्रक आमच्या गवंड्यानं लिहून दिलेलं चालतं का, का इंजिनिअरची सही लागते?