पाठलाग करणाऱ्याला कोठडी की डॉक्टर? नाशिकच्या जाणकारांचा अनुभव धागा

नमस्कार मंडळी. "पोरगं वाया गेलंय, आत टाका" आणि "पोरगं आजारी आहे, डॉक्टरकडे न्या" ही दोन्ही वाक्यं पोलीस ठाण्याच्या एकाच बाकावर, एकाच पोराबद्दल ऐकू येतात. पहिलं मुलीच्या घरचे म्हणतात, दुसरं मुलाच्या. कॉलेज रोड असो, निमाणी असो की अंबडची शिफ्ट सुटायची वेळ, प्रकार सगळीकडे तोच. म्हणून ज्यांचा कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनाच लिहायला सांगितलंय. आपबीती नको, नावं नकोत, गल्ल्या नकोत. काय करायचं, कुठे अडतं आणि का अडतं, तेवढं लिहा.

फौजदारी वकील, सीबीएस

आधी कलम. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं ७८ लागतं. त्याआधीच्या घटनेला जुनं ३५४-ड, जे २०१३ च्या दुरुस्तीने आलं. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा मागे जाऊन संपर्क साधला किंवा तसा प्रयत्न केला, तर गुन्हा. तिच्या इंटरनेट किंवा ईमेल वापरावर पाळत ठेवली तरी गुन्हा. पहिल्यांदा दोषी ठरला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, जामीनपात्र. पुन्हा दोषी ठरला तर ५ वर्षांपर्यंत आणि दंड, अजामीनपात्र.

यातले "दोषी ठरला" हे दोन शब्द नीट वाचा. पाच अर्ज झाले, दोन गुन्हे दाखल झाले आणि निकाल एकाचाही नाही, तर सहाव्या वेळीही तो कायद्याच्या लेखी पहिलाच. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. सुप्रीम कोर्टाने २००९ साली रसिकलाल खटल्यात ते पुन्हा ठासून सांगितलंय. त्यामुळे "तिच्या कॉलेजच्या रस्त्याला फिरकायचं नाही" अशी अट तिथे घालता येत नाही. शिक्षा की उपचार हा वाद निकालानंतरचा. बाई मरते ती निकालाच्या आधी. १९९६ च्या दिल्लीतल्या प्रियदर्शिनी मट्टू खटल्यात तक्रारी झाल्या होत्या, पोलीस संरक्षणही मिळालं होतं, तरी तिचा खून झाला.

म्हणून फिर्याद लिहिताना नुसत्या ७८ वर थांबू नका. धमकी असेल तर ३५१, वाट अडवली असेल तर १२६, अश्लील शब्द किंवा हावभाव असतील तर ७९, जे जे घडलं ते सगळं त्यात येऊ द्या. मुलगी १८ च्या आतली असेल तर पॉक्सोचं, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, ११ आणि १२. नवरा किंवा एकत्र राहून गेलेला जोडीदार मागे लागला असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्वांत कामाचा. त्यात संपर्कबंदीचा संरक्षण आदेश मिळतो आणि तो मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिऱ्हाईत माणसाविरुद्ध असा सरळ आदेश आपल्याकडे नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं भगदाड तेच.

आणखी एक. ७८ तडजोडपात्र नाही. गुन्हा नोंदल्यावर "मिटवून घेऊ" म्हणणाऱ्यांना खालच्या कोर्टात ते मिटवता येत नाही, त्यासाठी हायकोर्टात जावं लागतं. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन.

निवृत्त पोलीस अधिकारी, नाशिकरोड

७८ दखलपात्र आहे. तेव्हा ठाणे अंमलदाराने एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद, फाडून हातात दिली तर ती घेऊन घरी येऊ नका, गुन्हाच नोंदवायला सांगा. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. पुढे दंडाधिकाऱ्यासमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम १८३ खाली वेगळा जबाब होतो, तोही टाळू नका. मुलगी ओझर-पिंपळगावहून एसटीने येते, पोरगं सिडकोत राहतं, प्रकार महामार्ग स्टँडवर घडतो. मग "हद्द आमची नाही" सुरू होतं. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा, कुठल्याही ठाण्यात होतो. ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते, लोक नेमके तिथे घसरतात. नोंदवूनच घेत नसतील तर शहरात आयुक्तालयाला आणि ग्रामीणला अधीक्षकांना लेखी, पोस्टाने. तरी नाही तर दंडाधिकारी.

गुन्हा नोंदला आणि पोरगं संध्याकाळी परत गल्लीत दिसलं की घरचे चिडतात. ७ वर्षांच्या आतल्या गुन्ह्यात बहुतेक वेळा अटक न करता त्याच संहितेच्या ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देऊन सोडतात. त्याला पोलीस विकले गेले असं म्हणायचं कारण नाही.

वकीलताईंनी दाखवलेलं भगदाड थोडंफार बुजवायचा एक मार्ग आहे. त्याला आम्ही चॅप्टर केस म्हणतो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६, म्हणजे जुनं १०७. आयुक्तालयात सहायक आयुक्त विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसतात, ते १ वर्षापर्यंतचं शांततेचं बंधपत्र जामीनदारासह घेतात. बंधपत्र मोडलं तर उरलेल्या मुदतीसाठी आत जाण्याची टांगती तलवार. पण हे आपोआप होत नाही. अर्जात एक ओळ स्वतः लिहा: "प्रतिबंधक कारवाई करावी ही विनंती." फारच माजलेला असेल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ५६, तडीपारी, २ वर्षांपर्यंत. त्याला साक्षीदारांची भीती, आधीचे गुन्हे असं बरंच जमवावं लागतं.

आणि माफीनाम्यावर विसंबू नका. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. त्या कागदापेक्षा तुमच्या अर्जाची शिक्क्यासह पोच दसपट मोलाची.

सीसीटीव्ही आणि मोबाइल दुरुस्ती, शालिमार

कायद्यातलं मला फारसं कळत नाही, पुरावा कसा वाया जातो ते सांगतो.

सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यात, १ टीबीची डिस्क आणि चार कॅमेरे असले की साधारण दोन आठवड्यांत जुनं पुसून नवं चढतं. कॅमेरे जास्त असतील तर आठवड्यातच. तक्रार महिन्याने, फुटेज गायब. त्याच दिवशी सेक्रेटरींना लेखी द्या आणि पेनड्राइव्हवर काढून घ्या. काढताना डीव्हीआरच्या मूळ फॉरमॅटमध्ये, त्याच्या प्लेअरसकट. मॉनिटरचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ फक्त पोलिसांना दाखवायला.

दुसरी गोष्ट कुणीच करत नाही. डीव्हीआरचं घड्याळ बहुतेक ठिकाणी चुकलेलं असतं. लाइट गेली, आतला सेल संपला, की वेळ कुठल्या कुठे. समोरचा वकील नेमकं हेच पकडतो: फिर्यादीत सव्वासात, फुटेजवर सहा पन्नास. म्हणून फुटेज काढताना मॉनिटरवरची वेळ आणि शेजारी धरलेल्या मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्या. फरक किती ते कागदावर लिहून सेक्रेटरींची सही घ्या. डिजिटल पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा बोटाच्या ठशासारखा आकडा) द्यावं लागतं आणि त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. फाइल एकदा काढली की उघडून कापाकापी करू नका, हॅश बदलतो.

मोबाइलचं म्हणाल तर आधी ब्लॉक नको. आधी चॅट एक्सपोर्ट, स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसेल असा, मग ब्लॉक. गायब होणारे मेसेज चालू असतील तर लगेच बंद करा. "मी कुठे जाते ते त्याला कळतं कसं" याचं उत्तर दहापैकी आठ वेळा साधं असतं: व्हॉट्सॅपच्या लिंक्ड डिव्हाइसमध्ये त्याचा लॅपटॉप, किंवा गुगल खात्याचा जुना पासवर्ड. नंतर फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनची यादी बघा, तिथे अनोळखी ॲप असेल तर फॅक्टरी रीसेट मारायच्या आधी स्क्रीनशॉट. स्कूटीला ट्रॅकर सापडला तर वायर तोडू नका. आतल्या सिमवरून मालक निघतो, पंचनामा होऊ द्या.

मानसोपचारतज्ज्ञ, गंगापूर रोड

"वेडा आहे" हे लेबल आमच्याकडे फार स्वस्तात पाठवलं जातं. पाठलाग हे वर्तन आहे, निदान नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या पॉल म्युलन यांच्या गटाने १९९९ मध्ये पाच प्रकार मांडले, ते अजून उपयोगी पडतात: नातं तुटलेला, प्रेम मिळवू पाहणारा, बोलायचं कसं ते न कळणारा, सूड घेणारा, आणि हल्ल्याची तयारी करणारा. औषधाचा खरा उपयोग दुसऱ्या प्रकारातल्या काहींना. त्यांना भ्रम असतो की समोरची व्यक्ती आपल्यावर प्रेम करते आणि नकार ही आपली परीक्षा आहे. क्लेरांबो यांनी १९२१ मध्ये वर्णन केलेला हा आजार. अशा माणसाला कोठडी म्हणजे प्रेमासाठी सोसलेलं दुःख, तो आणखी घट्ट होऊन बाहेर येतो. दारूबरोबर येणारा संशयाचा भ्रमही इथेच मोजा, पण तो बहुतेक स्वतःच्या बायकोमागे असतो.

भ्रमावरच्या औषधांचा परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. रुग्णाला आजार मान्य नसल्याने गोळी जिभेखाली ठेवून थुंकली जाते. म्हणून २ ते ४ आठवड्यांनी द्यायची लांब परिणामाची इंजेक्शनं. बरं वाटतंय म्हणून थांबवलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तो तयार नसेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ८९ खाली दाखल करता येतं, ३० दिवसांपर्यंत, दोन स्वतंत्र तपासण्यांनंतर, त्यातली एक मानसोपचारतज्ज्ञाची. अट अशी की आजारामुळे त्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची शक्यता नुकतीच दिसलेली हवी, किंवा स्वतःची काळजी घेणं जमत नसावं. "त्रास देतो" एवढं पुरत नाही. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. दीर्घ मुक्कामासाठी ठाणे किंवा येरवडा. फोनवर टेलिमानस, १४४१६.

बाकी चार प्रकारांना बहुतेक वेळा गोळी नाही. नातं तुटलेला, जो सगळ्यात जास्त दिसतो आणि ज्याच्याकडून धोकाही जास्त, तो बहुतेक वेळा शहाणा असतो, नोकरी करतो, ईएमआय भरतो. त्याच्यासाठी वर्तनोपचार आहेत, दर आठवड्याला, निदान सहा महिने. तो स्वखुशीने येत नाही. मागे कोर्टाचा रेटा असेल तरच तिसऱ्या आठवड्यानंतरही दारात दिसतो. डॉक्टरकडे नेलं म्हणून तक्रार मागे घ्या, असा सौदा मुलाच्या घरचे करतात. तो रेटाच काढून घेतल्यावर आमच्या हातात काय उरतं?

एक सांगून ठेवतो. गोपनीयतेमुळे डॉक्टर गप्प बसेल असं समजू नका. दुसऱ्याला इजेपासून वाचवायला आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभा त्याच कायद्याच्या २३ मध्ये आहे.

समुपदेशक, इंदिरानगर

मुलाच्या आईवडिलांसाठी लिहिते, कारण त्यांना कोणी काही सांगत नाही. मुलीच्या घरी समजूत काढायला जाऊ नका, पेढे घेऊन तर नाहीच. लग्न लावून दिलं की सुधारेल म्हणून दुसऱ्या पोरीचा बळी देऊ नका. गाडीची किल्ली, त्याच्या फोनचं बिल तुम्ही भरता ते, हातखर्च, एवढं तुमच्या हातात आहे, ते आवळा. जिवाचं बरंवाईट करीन म्हणाला तर ती धमकी मुलीला कळवायची नसते, त्याला दवाखान्यात न्यायचं असतं.

मुलीने द्यायचा नकार एकच, लेखी, कारणाशिवाय. "मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको. यापुढे फोन, मेसेज, भेट काहीही करू नका." सॉरी नाही, "सध्या अभ्यास आहे" नाही. सध्या म्हटलं की तो परीक्षा संपायची वाट बघतो. त्यानंतर एकदाही उत्तर नाही. तीस कॉल सोडून एकतिसावा वैतागून उचलला, तर त्याने शिकायचं ते शिकलं. पुढच्या वेळी तो तिसावर थांबत नाही.

आणि "मैत्रिणींच्या मध्यस्थीने शेवटची भेट" हा प्रकार कायमचा बंद करा.

कंपनीतल्या अंतर्गत समितीची सदस्य, सातपूर

थोडक्यात. सहकारी मागे लागला असेल तर पोलिसांबरोबर समितीकडेही (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची चौकशी करणारी) तक्रार द्या, एकाने दुसरं अडत नाही. तक्रारीची मुदत ३ महिने, कारण असेल तर आणखी ३. चौकशी ९० दिवसांत. चौकशी सुरू असताना त्याची बदली किंवा तुम्हाला ३ महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते, आणि बहुतेक जणी ती मागतच नाहीत. दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपमध्ये असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती.

फौजदारी वकील, सीबीएस

डॉक्टरसाहेबांचा "रेटा" आपल्या कायद्यात कुठून येणार, तर १९५८ च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्यातून. दोषी ठरल्यावर कलम ४ खाली न्यायाधीश कैदेऐवजी ३ वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सोडू शकतात, परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावू शकतात आणि अटी घालू शकतात. दारू बंद, राहण्याचं ठिकाण, आणि गुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून इतरही. उपचाराची अट तिथे बसते. अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा. सरकारी वकिलांमार्फत हे मागा, आणि त्यात "फिर्यादीपासून लांब राहणे" आवर्जून घालायला सांगा, नाहीतर अटींत फक्त "चांगली वर्तणूक" येते. ब्रिटनने २०१९ च्या कायद्याने हे निकालाआधीच आणलं: पोलीस कोर्टाकडून आदेश घेतात, त्यात संपर्कबंदीही आणि उपचाराला हजर राहणंही, मोडला तर ५ वर्षांपर्यंत. आपल्याला हवं ते हेच. ३ ची ५ वर्षं करून काय साधणार?

निवृत्त पोलीस अधिकारी, नाशिकरोड

ताई, परिविक्षेला माझा विरोध नाही, पण ज्याच्याकडे चाकू किंवा ॲसिडची बाटली सापडली त्याला बंधपत्रावर सोडू नये. तिथे आधी कोठडी. औषध नाशिकरोडच्या कारागृहातही देता येतं.

बाकी चॅप्टरचं एक राहिलं. बंधपत्राची मुदत आपोआप वाढत नाही, नव्याने प्रस्ताव लागतो, आणि पोरं दिवस मोजत बसलेली असतात. मुदत संपायची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा. तिच्या पंधरा दिवस आधी, मधल्या काळात जे काही घडलं त्याच्या तारखांसह, ठाण्यात दुसरा अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.