शाळांच्या इमारतींसाठी घरफाळ्यावर वेगळा उपकर लावावा का?

राजारामपुरीकर (चर्चाप्रस्तावक)

महापालिकेच्या प्राथमिक शाळांच्या इमारतींची दुरुस्ती आणि सुधारणा यांसाठी कोल्हापूर शहरात घरफाळ्यावर, म्हणजे मालमत्ता करावर, दोन टक्के ‘शाळा इमारत उपकर’ पाच वर्षांपुरता लावावा, असा प्रस्ताव मी मांडत आहे. ज्यांचा घरफाळा वर्षाला सहा हजार रुपये आहे, त्यांना यामुळे 120 रुपये जास्त भरावे लागतील. ही रक्कम स्वतंत्र बँक खात्यात राहावी आणि गच्ची, छप्पर, स्वच्छतागृहे, वीजजोडणी व रॅम्प यांखेरीज दुसऱ्या कशावरही खर्च होऊ नये. असे बंधन आपल्याला नवीन नाही. वृक्ष करही घरफाळ्याच्या बिलातूनच घेतला जातो आणि तो वृक्ष निधीसाठी असतो.

प्राथमिक शाळा चालवणे आणि त्यांना योग्य जागा देणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि अडथळाविरहित प्रवेश हे त्यातील किमान निकष आहेत. शासनाकडून येणारा पैसा मात्र योजनेच्या चौकटीत येतो. समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदान 101 ते 250 पटाच्या शाळेला वर्षाला 50 हजार आणि 251 ते 1000 पटाच्या शाळेला 75 हजार रुपये मिळते, आणि त्यातच स्वच्छतेपासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सगळे भागवावे लागते. त्यातून गच्चीचे काम होणे शक्य नाही.

शाहू महाराजांनी 1917 साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. मूल शाळेत यावे म्हणून गावाने पालकावर एवढी सक्ती केली असेल, तर आलेल्या मुलाला कोरड्या जागी बसवण्याची सक्ती गावाने स्वतःवरही करून घेतली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

शाहूपुरीतील व्यापारी

माझा या प्रस्तावाला स्पष्ट विरोध आहे. शाळा सुधारू नयेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. आपण घरफाळ्याचे बिल एकदा नीट वाचावे, एवढीच विनंती आहे. त्यात शिक्षण कर आधीपासूनच आहे. 1962 च्या कायद्यानुसार महापालिका तो वसूल करते आणि राज्य शासनाच्या तिजोरीत भरते. घरापेक्षा दुकानाला त्याचा दर जास्त आहे, शिवाय आम्हा दुकानदारांना रोजगार हमी कर वेगळा भरावा लागतो. शिक्षणाच्या नावाने साठ वर्षांहून अधिक काळ कर देणाऱ्या शहराकडे शिक्षणाच्याच नावाने दुसरा कर मागण्याआधी, पहिल्या करातील किती रुपये कोल्हापूरच्या शाळांच्या भिंतींपर्यंत पोहोचले, हे विचारायला नको का?

दुसरी गोष्ट वसुलीची. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती आहे, तरी मोठी थकबाकी वर्षानुवर्षे तशीच राहते आणि नियमित भरणाऱ्यांवरच नवीन बोजा येतो. टोलविरोधी आंदोलनात प्रा. एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या मागे चाललेल्या हजारोंपैकी मी एक आहे. त्या वेळी आम्ही फुकट रस्ते मागितले नव्हते. कामाचे मोजमाप आणि खर्चाचा हिशेब मागितला होता. येथेही माझी मागणी तीच आहे.

निवृत्त शिक्षिका

मी या शहरातील शाळांत एकतीस वर्षे शिकवले, म्हणून वर्गात काय होते ते सांगते. माझ्या शेवटच्या शाळेची इमारत दुमजली होती आणि वरच्या मजल्यावर चौथीचा वर्ग भरत असे. मृगाचा पाऊस लागला की दोन दिवसांत स्लॅबला ओल धरायची आणि फळ्याच्या उजव्या बाजूला, बरोबर पंख्याच्या हुकाजवळून, पाणी ठिबकू लागायचे. त्याखाली आम्ही शालेय पोषण आहाराचे रिकामे पातेले ठेवत असू. ओल उतरली की गिलाव्याचे पोपडे पडायचे, म्हणून त्या बाजूचे चार बाक मागे ओढून एका बाकावर तीन-तीन मुले बसवावी लागत. पंखा आणि दिवा बंद ठेवायचे, कारण हुकाजवळची वायर भिजलेली असे. भर दुपारी त्या अंधारात मुलींना वहीतल्या ओळी दिसत नसत आणि त्या वही खिडकीकडे तिरकी धरून लिहीत.

दरवर्षी मी अर्ज दिला. दरवर्षी कोणीतरी येऊन पाहून गेले. एका वर्षी रंगकाम झाले, दर्शनी भिंतीवर सुंदर चित्रे आली, आणि पुढच्या आषाढात त्या चित्रांवरही ओल उतरली. देणगीदार रंग देतात, संगणक देतात, त्यांचे उपकारच आहेत. पण गच्चीवर नाव लावता येत नाही, त्यामुळे गच्चीसाठी सहसा कोणी पुढे येत नाही. म्हणून दरवर्षी खात्रीने येणारा पैसा हवा, या राजारामपुरीकरांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. तो घरफाळ्यातून यावा की शिक्षण करातून, हे आपण ठरवा.

अर्थशास्त्राचा अध्यापक

बाईंनी लिहिलेले वाचून कोणालाही खिशात हात घालावासा वाटेल, आणि तरीही मी या उपकराच्या विरोधात आहे. शाळांचा खर्च स्थानिक मालमत्ता करावर टाकला की श्रीमंत वस्तीच्या शाळा चांगल्या होतात आणि गरीब वस्तीच्या मागे पडतात, हे अमेरिकेने भोगले आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरातील खटल्याचा निकाल 1973 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यातील एजवूड या गरीब भागात शंभर डॉलर मूल्यावर 1.05 डॉलर दराने कर घेऊनही स्थानिक करातून प्रत्येक विद्यार्थ्यामागे 26 डॉलर उभे राहत होते, तर अलामो हाइट्स या सधन भागात 0.85 डॉलर दरानेच 333 डॉलर जमत होते. जास्त दराने कर भरणाऱ्यांच्या मुलांना कमी मिळाले, आणि न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती पद्धत घटनाबाह्य ठरवण्यास नकार दिला. एकदा ‘तुमच्या शाळा तुम्ही पाहा’ हे तत्त्व मान्य झाले की राज्य शासनाला आपली जबाबदारी झटकण्यास उत्तम कारण मिळेल, ही माझी खरी भीती आहे.

राजारामपुरीकर

सरांनी दिलेले उदाहरण योग्य आहे, परंतु ते कोल्हापूरला जसेच्या तसे लागू होत नाही. तेथे शाळांसाठी आखलेल्या प्रत्येक भागाची करवसुली वेगळी होती. येथे ताराबाई पार्कातील बंगल्याचा आणि सदर बाजारातील दोन खोल्यांचा घरफाळा एकाच तिजोरीत जातो आणि खर्च शाळेच्या गरजेनुसार ठरवता येतो. शहराशहरांतील तफावत मात्र राहील, हे मान्य करतो. शासनाने जबाबदारी झटकण्याची भीतीही खरी आहे. पण त्या भीतीपोटी आणखी किती पावसाळे थांबायचे?

पाचगावचा पालक

एक अडचण कोणीच मांडलेली नाही. 1972 साली महापालिका झाली, तरी शहराची हद्द वाढली नाही. आमच्यासारख्या लगतच्या गावांतील अनेक मुले शहरातील महापालिका शाळांत शिकतात. जरगनगरच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांग लावतात. महापालिकेची शाळा चांगली असली की लोक कसे येतात याचा तो पुरावाच आहे. आम्ही घरफाळा महापालिकेला भरत नाही, ग्रामपंचायतीला भरतो. मग आमच्या मुलांच्या वर्गाचा खर्च शहरवासीयांनी का उचलावा, असा प्रश्न उद्या निघेल आणि त्याचा त्रास मुलांना होईल. याच कारणासाठी हा पैसा राज्याच्या शिक्षण करातूनच यावा, असे मला वाटते.

शाहूपुरीतील व्यापारी

पाचगावच्या दादांचा मुद्दा मला पटला. मी एक पाऊल पुढे येतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याचे बंधन महापालिका अधिनियमाने मालकांवर घातले आहे. तोच नियम महापालिकेने आपल्या प्रत्येक शाळेला लावावा आणि कोणत्या शाळेत कोणते काम, किती चौरस फूट, किती खर्चाचे, याची यादी शाळेच्या फाटकावर लावावी. अंदाजपत्रकातील करांचे दर 20 फेब्रुवारीपूर्वी ठरतात. त्याआधी ही यादी आणि शिक्षण कराच्या परताव्याची लेखी मागणी शासनाकडे गेली, तर उरलेल्या तुटीपुरत्या उपकराला मी दुकानदार म्हणून विरोध करणार नाही. यादीशिवाय मात्र एक रुपयाही देण्यास माझी तयारी नाही.

राजारामपुरीकर

यादी आधी आणि उपकर नंतर, हा क्रम मला मान्य आहे. दोन टक्के हा आकडा मी अंदाजाने धरला होता, तो मागे घेतो. सहाशे चौरस फुटांच्या आतील राहत्या घरांना यातून वगळावे, अशी भरही घालतो. पाच वर्षांची मुदत मात्र मी सोडणार नाही, कारण मुदत नसलेला कर कशासाठी लावला होता हेच पुढे विसरले जाते.

निवृत्त शिक्षिका

यादीची सुरुवात माझ्याकडून घ्यावी. निवृत्तीच्या वर्षी मी उत्तरेकडील तीन वर्गांची मोजमापे टेप लावून घेतली होती. कोणत्या भिंतीला किती फुटांपर्यंत ओल आहे आणि कोणत्या खिडकीची चौकट सुटली आहे, हे सगळे वहीत आहे. उद्या मी ती पाने येथे देते.