फूड कलरने लोकर रंगवताना जांभळा फुटतो

गुंडाळी_नाशिकरोड: १०० ग्रॅम पांढरी लड आहे, एकसारखा जांभळा हवाय. लाल-निळा फूड कलर मिसळला की लडीवर गुलाबी आणि निळे पट्टे वेगवेगळे उमटतात. लिंबूसत्व किती घालायचं? घरात बोअरचं पाणी आहे.

उलटसुलट: आधी लोकर खरी आहे का ते बघा. मेन रोडला काय नि कुठेही काय, लोकर म्हणून मिळतं त्यात ॲक्रिलिक बरंच असतं. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळा. केस जळाल्याचा वास आणि बोटाने चुरडणारी राख म्हणजे लोकर. वितळून टणक मणी झाला तर सोडून द्या, त्यावर हा रंग धरत नाही. सुतावरही नाही.

तुमच्या लडीवर रंग चढतोय, म्हणजे बहुधा लोकर असावी. जांभळा फुटतो कारण लाल भराभर चढतो, निळा मागे राहतो. आम्ल (म्हणजे तुमचं लिंबूसत्व) सुरुवातीलाच पडलं की हा फरक आणखी वाढतो. शिवाय डबीवरचा आयएनएस नंबर, म्हणजे खाद्यरंगाचा ठरलेला क्रमांक, वाचा. लाल १२७, म्हणजे एरिथ्रोसिन असेल तर तो आम्लात विरघळलेला राहत नाही, गाळ होऊन डाग पडतात. १२२ चा लाल आणि १३३ चा निळा घ्या.

लडीला चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल गाठी मारा. कोमट पाण्यात शाम्पूचा थेंब टाकून अर्धा तास भिजवा. स्टीलच्या पातेल्यात ३ लिटर पाणी, त्यात रंग. पावडरींचा कस सारखा नसतो, म्हणून कागदावर थेंब टाकून छटा ठरवा. लड आम्लाशिवाय २० मिनिटं ठेवा, मग मंद आच. पाणी चांगलं गरम झालं की लड बाजूला उचलून १ चमचा लिंबूसत्व दोन-तीन हप्त्यांत घाला. कडेला बारीक बुडबुडे दिसतील तेवढ्यावर अर्धा तास. उकळी नको, ढवळणं तर मुळीच नको, लोकर आटून नमदा होतो, म्हणजे धागे एकमेकांत गच्च चिकटतात.

दोन_सुया: बोअरचं जड पाणी आम्ल खातं. अर्धा तास होऊनही पाणी रंगीत राहिलं तर आणखी अर्धा चमचा घाला. तरीही राहिलं तर रंगच जास्त झालाय.

गुंडाळी_नाशिकरोड: लगेच धुवायची का?

दोन_सुया: नाही, पातेल्यातच गार होऊ द्या. गरम लडीवर गार पाणी पडलं की आटते. धुवायला शाम्पू, कपड्यांची पावडर नको, तिच्या क्षाराने रंग उतरतो. वाळवायची सावलीत, हे रंग उन्हात विटतात.