मदत हवी आहे: पक्षाकडे गेलेली आमची माहिती पुसून कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी. आमच्या भागात एका पक्षाने आरोग्य शिबिर घेतलं. फॉर्मवर नाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख, घरातल्या सगळ्यांची नावं लिहून घेतली. आता त्याच नंबरांवर प्रचाराचे मेसेज येतात. मतदार यादी पक्षांना निवडणूक आयोगाकडून मिळते, पण त्यात मोबाइल नंबर नसतो. म्हणजे नंबर शिबिरातूनच गेले असणार. आणि आईची साखर-बीपीची नोंदही त्याच फॉर्मवर होती! मला खरी काळजी त्याची वाटते. ती कोणाकोणाच्या हातात आहे?

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसायला सांगण्याचा हक्क आहे. कागदावरची माहिती नंतर कॉम्प्युटरवर चढवली, तर तीही त्यात येते. पण नोव्हेंबर २०२५मध्ये नियम आले तेव्हा या तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली गेली. तोवर काय करायचं? लेखी अर्ज स्थानिक कार्यालयात द्यावा की थेट प्रदेश कार्यालयात? कार्यकर्ते रोज समोर भेटतात, त्यामुळे आईला भांडण नकोय. कुणी असा अर्ज केला असेल तर मसुदा दाखवाल का?